नऊ एक्केचाळीसचा बटाटा

टेबलावर बारा काटे होते, बारा सुऱ्या, आठ चमचे, आठ ग्लास, कडक इस्त्रीचे चार रुमाल, लोण्याच्या दोन गोळ्या, एक मेणबत्ती, गुरांना घालतात तशी सुक्या गवताची एक जुडी आणि 'ॲलर्जी : मूनराइज' असं छापलेलं एक कार्ड. टेबलाभोवती चार माणसं होती. त्यांपैकी तिघं भुकेली होती आणि चौथीचा उपास होता. हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तो त्या रेस्टॉरंटच्या फ्लोअर मॅनेजरला समजावून सांगण्यात माझी संध्याकाळ गेली.

आम्हाला तिथून उठवलं, असं दुबईतल्या अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत सांगितलं जातं. ते खोटं आहे. आम्हाला उठायला सांगितलं, हे खरं आहे. या दोन विधानांमध्ये अंतर आहे, आणि ते मी पुढे मोजून दाखवणार आहे.

मूळ मुद्दा एवढाच होता की आईला एकदा तरी गरम जेवायला मिळावं. आमच्या घरी पुरी तेलातून निघते ती बाबांच्या ताटात, दुसरी धाकट्या भावाच्या, अंशच्या, तिसरी माझ्या, चौथी "अगं, घे ना अजून एक" म्हणून पुन्हा बाबांच्या. आई बसते तेव्हा गॅस बंद झालेला असतो आणि पुरीची पापडी झालेली असते. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी तिला अशा ठिकाणी नेणार होते, जिथे ती बसेल, लोक आणून देतील आणि ती गरम खाईल. हे मी समोरच्या फ्लॅटमधल्या समिधामावशींसमोर बोलून गेले. मोठी चूक.

"गरम म्हणजे किती गरम?" मावशींनी विचारलं. "त्या फॅशनेबल हॉटेलांत सगळं कोमटच असतं. प्लेट सजवता सजवता गार होतं."

"साठ अंश," मी म्हटलं. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. साठ किंवा वर असेल तर आमच्या भाषेत अन्न गरम असतं. साठच्या खाली नापास. मध्ये 'बऱ्यापैकी गरम' असा रकाना नाही.

"मग आकडा सांग हं मला," मावशी म्हणाल्या. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या इभ्रतीची झाली.

रेस्टॉरंट ब्रिटिश होतं. 'हेज अँड हार्थ' नावाचं, उंच इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर, आणि तिथे फक्त 'सीझनल' मिळत होतं, म्हणजे त्या आठवड्यात इंग्लंडच्या जमिनीतून जे वर येईल तेवढंच. सगळी दुबई तिथे जेवून फोटो टाकत होती. टेबल सहा आठवडे आधी धरावं लागलं आणि माणशी शंभर दिरहम आधी भरावे लागले, परत न मिळणारे. बाबांनी सवयीप्रमाणे मोठ्याने गुणाकार केला, "म्हणजे चौघांचे नऊ-साडेनऊ हजार रुपये. फक्त खुर्चीचे!" आणि पाणी प्यायले.

स्वयंपाकघराच्या दारामागची दिनदर्शिका मात्र कोणीच पाहिली नाही. वाढदिवस येतो तारखेनं आणि संकष्टी येते तिथीनं. दोन्ही एकाच दिवशी आल्याचं आदल्या रविवारी कळलं. आई संकष्टीला दिवसभर चहा आणि फळं यांवर असते आणि चंद्रोदय झाल्यावर जेवते. आमचं टेबल साडेसात ते साडेनऊ होतं. साडेनऊला पुढची पंगत.

"काही बिघडत नाही," समिधामावशी म्हणाल्या. "चंद्रोदय छापलाय नऊ चोपन्नचा, तो मुंबईचा. आपण दीड तास मागे. वजा कर. आठ चोवीस. निवांत जेवेल ती."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी शास्त्र शिकले नसते तर आई आठ चोवीसला जेवली असती, सगळे आनंदात घरी आले असते आणि ही कथा झालीच नसती. पण आईनं माझ्याकडे वळून विचारलं, "मिहू, तू शिकलेली आहेस. बरोबर आहे ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "मुंबईत चंद्र उगवतो त्या क्षणी दुबईत तो क्षितिजाखालीच असतो. पृथ्वीला तेवढं फिरायला वेळ लागतो. मी हिशेब केलाय. आपल्याकडे नऊ एक्केचाळीस."

आईच्या हातातली पळी थांबली. "म्हणजे दीड तास वजा करायचा नसतो?"

"नाही."

"मी लग्न करून इथे आल्यापासून वजा करतेय. या समिधेनंच शिकवलं." मग अगदी हळू, "म्हणजे इतकी वर्षं मी चंद्र उगवायच्या आधीच..."

मावशी दिनदर्शिकेचं पान उलटून पाहू लागल्या.

वरच्या मजल्यावरचे दत्तप्रसादकाका बोलावल्यासारखे आले. ते आमच्या महाराष्ट्र मंडळाचे उत्सवप्रमुख. त्यांचं मत वेगळं होतं. "छापील वेळ ती वेळ! नऊ चोपन्न म्हणजे जिथे असाल तिथलं नऊ चोपन्न. छापणाऱ्याला काय दुबई माहीत नव्हती?"

अंश सोफ्यावरून म्हणाला, "गाइज, इट्स जस्ट द मून." अंश सतरा वर्षांचा आहे आणि त्याला मराठी फक्त भूक लागल्यावर येते.

आईनं पळी खाली ठेवली. "न कळत झालं ते झालं. गणपती समजून घेईल. पण आता कळल्यावर नाही. नऊ एक्केचाळीसच्या आधी मी घास घेणार नाही." आणि मावशींकडे पाहून, "आणि गरमच जेवणार."

म्हणजे प्रश्न अकरा मिनिटांचा होता.

मी रेस्टॉरंटला फोन केला. यंत्रानं मला नऊ पर्याय वाचून दाखवले, त्यांत चंद्र नव्हता. शेवटी एक मुलगी मिळाली. तिचा सूर फारच गोड होता. वेळ बदलता येणार नाही, साडेनऊची पंगत भरली आहे, पण 'डाएटरी रिक्वायरमेंट' असेल तर फॉर्म भरा, आमची टीम नक्की काळजी घेईल. फॉर्ममध्ये शेंगदाणे, दूध, गहू, कोळंबी आणि 'इतर' असे पर्याय होते. 'इतर'मध्ये मी सविस्तर चार ओळी लिहिल्या. फॉर्मनं आठ अक्षरांनंतर लिहू दिलं नाही. मी इंग्रजीत 'मूनराइज' एवढंच लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: तुमची ॲलर्जी आमच्या किचनला कळवण्यात आली आहे.

ठरल्या दिवशी आम्ही सव्वासातलाच पोचलो. दारात इनाया नावाची मुलगी उभी होती. तिनं आईच्या पैठणीचं कौतुक केलं, माझं नाव शोधलं आणि बाबांच्या पायांकडे पाहिलं. बाबांनी नव्या चामडी सँडल घातल्या होत्या. पुरुषांना उघडी पादत्राणं चालत नाहीत, असं तिनं फार वाईट वाटत असल्यासारखं सांगितलं.

बाबांचा आवाज चढला. "ही कोल्हापुरात करून घेतलेली आहेत! हातशिलाईची!"

"सर, आय लव्ह देम," इनाया म्हणाली. "पण बोटं दिसतात."

बाबा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे सुपरवायझर आहेत. ते खाली पार्किंगमध्ये गेले आणि गाडीच्या डिकीतले सेफ्टी शूज घालून वर आले, पुढे पोलादी टोपी असलेले, ग्राइंडिंगच्या ठिणग्यांनी डागाळलेले. इनायाचे डोळे चमकले. "ओह, नाइस बूट्स, सर!" बाबा पैठणीशेजारून ताठ मानेनं, खाड खाड करत आत गेले. संध्याकाळभर त्यांनी पाय टेबलाखाली घेतले नाहीत.

बाहेर सदतीस अंश होते. आत इंग्लंडचा एप्रिल चालू होता. माझ्या पर्समध्ये लॅबचा सळईवाला थर्मामीटर असतो. मी हवा मोजली. अठरा पूर्णांक सहा.

"ताई, प्लीज," अंश म्हणाला. त्यानं शाळेच्या निरोप समारंभासाठी घेतलेला ब्लेझर घातला होता आणि आम्ही त्याचे कोणी नाही अशा कोनात तो बसला होता.

वेटरचं नाव हारुन. त्यानं कार्ड उचललं, वाचलं, आईकडे पाहिलं आणि अत्यंत काळजीनं विचारलं, "मॅडम, चाँद से... स्किन पे कुछ होता है?"

आईनं तिच्या हिंदीत समजावलं. "मेरा उपास है. चाँद उगेगा, फिर खाएगी."

हारुनचा चेहरा एकदम मोकळा झाला. "रोज़ा! तो ऐसा बोलिए ना! कितने बजे खोलना है?"

"नऊ एक्केचाळीस," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला. फॉर्म, यंत्र आणि टीम यांना जे आठवडाभरात कळलं नव्हतं ते त्याला तीन वाक्यांत कळलं. पण टेबलाचा निर्णय त्याच्या हातात नव्हता.

मेनूवर प्रत्येक पदार्थाचं चरित्र दिलं होतं. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. "जर्सी बेटावरचे नवे बटाटे, समुद्राकडे उतरत्या शेतातले, हातानं काढलेले. अरे, या बटाट्याला गाव आहे, घराणं आहे. व्हिसाही आपल्यापेक्षा लवकर मिळाला असणार." बाकी सगळीकडे लीक होता, म्हणजे कांद्याचा चुलतभाऊ, किंवा रानलसूण, म्हणजे लसूणच, फक्त हिंडणारा. खेकडा, कोकरू वगैरे त्या दिवशी आमच्यासाठी नव्हतं. बाबांनी शेजारच्या टेबलावरच्या खेकड्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. आईच्या जेवणासाठी अख्ख्या मेनूत एकच गोष्ट उरली: बटाटे, लोणी, मीठ, पुदिना.

तोवर तिला फळ चालत होतं. हारुननं सुचवलं, "रूबार्ब लीजिए, मॅडम, सीझन का है." गुलाबी, गोड पाकात शिजवलेल्या कांड्या आल्या. आईनं चमचा उचलला. दिवसभरातला पहिला.

"हे कसलं फळ गं?" तिनं सहज विचारलं.

आणि मी, जिच्या अंगात सत्य एखाद्या जुन्या आजारासारखं आहे, म्हणाले, "तसं फळ नाही ते. पानाचा देठ आहे."

"देठ?"

"हो. अळूच्या देठासारखा."

चमचा खाली गेला. "देठीची भाजी उपासाला चालत नाही."

"मिहिका," बाबा म्हणाले. ते मला पूर्ण नावानं हाक मारतात तेव्हा विषय संपलेला असतो. "आज रात्रीपुरतं तू अडाणी होशील का?"

मी झाले नाही. पण पुढचा तासभर फक्त घड्याळावर लक्ष ठेवलं. आमच्या तिघांचं जेवण आलं, शतावरीचे कोंब, वाटाण्याचं काहीतरी, मशरूमचा 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेली मोठी कचोरी. आणि आई, उपाशी, पन्नास वर्षांची, वाढदिवसाची, पायचे तुकडे करून बाबांना वाढायला लागली. "घ्या ना, गरम आहे तोवर." मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. तिनं दुसरा घेतला. टेबलावर आठ होते.

नऊ वाजून सोळा मिनिटांनी मी बटाट्यांची ऑर्डर दिली. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बटाटे ऑर्डरनंतर ताजे शिजतात, पंचवीस मिनिटं लागतील. सोळा अधिक पंचवीस, एक्केचाळीस. माझी सगळी योजना या बेरजेवर उभी होती. ऑर्डर दिलेला पदार्थ आला नसताना कोणी पाहुण्याला उठवत नाही. निदान मी उठणार नव्हते.

पण फ्लोअर मॅनेजरची नजर आमच्या टेबलावर होतीच. उंच, सडपातळ, अतोनात नम्र माणूस. त्यानं घड्याळ पाहिलं, किचनकडे गेला, आणि बटाटे तेरा मिनिटांत आले. बिडाच्या छोट्या भांड्यात, वर लोणी वितळतंय, पुदिन्याचा वास. नऊ एकोणतीस. त्यापाठोपाठ तो स्वतः आला आणि म्हणाला की पुढचे पाहुणे खाली लिफ्टमध्ये आहेत, आमची काही घाई नाही, पण आम्ही घाई केली तर बरं.

मी सळई खुपसली. एकोणऐंशी. आईनं भांड्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"मॅम, इज समथिंग राँग विथ द पोटॅटोज?"

"काही नाही," मी म्हटलं. "चंद्र उगवायचाय."

तीन मिनिटं तो मला रेस्टॉरंटची पद्धत समजावत होता. तीन मिनिटांनी मी पुन्हा मोजलं. एकाहत्तर पूर्णांक पाच. हवा अठरा पूर्णांक सहा. या वेगानं नऊ एक्केचाळीसला पन्नाशीच्या आसपास. नापास. समिधामावशींचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, जिभेच्या टोकावर 'कोमटच ना?' घेऊन.

"हारुनभाई, ढक्कन मिलेगा?"

झाकण नव्हतं, झाकणानं पदार्थाची शोभा जाते असं शेफचं मत होतं. मी पावाची बशी भांड्यावर उलटी घातली. बाबांनी चारही रुमाल गुंडाळले. तेवढ्यात अंश उठला. मला वाटलं, हा आता निघून जाणार. त्यानं ब्लेझर काढला, भांड्याभोवती लपेटला आणि बाह्यांची गाठ मारली.

"ड्राय-क्लीनिंग तू देणार," तो म्हणाला. मराठीत.

मॅनेजर त्या गाठोड्याकडे पाहत राहिला. "मॅम, विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, मला हे टेबल आत्ता हवं आहे."

मी कार्ड उचलून त्याच्यासमोर धरलं. "हे तुम्ही छापलंय?"

"हो."

"तुमच्या किचननं ही ॲलर्जी लेखी स्वीकारली आहे. मी अन्न सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. स्वीकारलेली ॲलर्जी धोक्याबाहेर जायच्या आधी पाहुण्याला खायला लावणं याला आमच्याकडे काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक असेल."

"पण चंद्र ही ॲलर्जी नाही!"

"मग छापली कशाला?"

त्यानं कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. पुढचे पाहुणे दारात आले होते. इनाया त्यांना बाबांचे बूट दाखवत काहीतरी सांगत होती. मॅनेजर आमच्या टेबलापासून दोन पावलांवर, हात मागे बांधून उभा राहिला, आणि मी बसून राहिले. माझे कान तापले होते, ते मोजले नाहीत.

"मिहू, पूर्व कुठे?" आईनं विचारलं.

मी फोनवरचं होकायंत्र लावलं. पूर्वेला कुठल्याशा कंपनीचे आठ जण जेवत होते. आईनं डोळे मिटून, ओठांत, अथर्वशीर्ष सुरू केलं. घाई नाही, एकही शब्द खाल्ला नाही. मी गाठोडं सोडायला हात घातला.

बाबा पुटपुटले, "सारखं उघडून बघू नकोस. भात नाहीये तो."

नऊ एक्केचाळीस. "झाला," मी म्हटलं. हारुननं न मागता साधं पाणी आणून ठेवलं, बुडबुड्यांचं नव्हे. आईनं रिकाम्या बशीत पळीभर पाणी चंद्राला सोडलं आणि पूर्वेला हात जोडून नमस्कार केला. समोरच्या टेबलावरचा टाय घातलेला एक गोरा गृहस्थ दचकला, खुर्चीतून अर्धा उठला आणि त्यानंही हात जोडले.

अंशनं बाह्यांची गाठ सोडली. रुमाल निघाले. बशी उचलली. बाबांनी भांडं आईपुढे सरकवलं, आधी तिच्यापुढे. तिनं काट्यानं एक बटाटा उचलला, लोणी निथळू दिलं आणि तोंडाशी नेता नेता थांबली.

"आधी मोज," ती म्हणाली. "समिधेला आकडा हवाय."

"आई, खा गं. निवेल."

"मोज म्हणते ना."

मॅनेजरही वाकून पाहत होता. मी सळई बटाट्याच्या मधोमध घातली. आकडे धावले, मंदावले, थांबले.

साठ पूर्णांक चार.